फोटोखालची ओळ

"तेहेतीस, चौतीस, पस्तीस... ए लंबू, खाली बस! तुझ्यामागची डोकी कुठली दिसणार मला?"

बस घाट उतरत होती आणि मावशी मधल्या वाटेत उभी. एका हातानं वरचा दांडा धरलेला, दुसऱ्या हाताचं बोट हवेत टकटक नाचवत पोरं मोजणं चाललेलं. छत्तीस हवीत आणि भरतायत पस्तीसच. परत मोजलं, पुन्हा पस्तीस.

"शंकासुर कुठाय?"

"इथे आहे," सीटखालून आवाज आला. "मावशी, बसच्या तळाला हे भोक कशासाठी ठेवलंय?"

"तुला त्यातून खाली सोडायला. ये वर!"

सगळी बस खिदळली. ड्रायव्हरकाका आरशातून बघून म्हणाले, "मावशी, आज आवाज जरा चढा लागलाय तुमचा. काय, तब्येत बरी ना?"

"तुम्ही पुढे बघा. तिकडे दरी आहे."

आता काकांचं काही चुकलं नव्हतं. बावीस वर्षं ही बाई शाळेच्या बसवर. पोरांना चढवायचं, उतरवायचं, कुणाचा बूट हरवला तर शोधायचा, कुणाला मळमळलं तर पिशवी धरायची. बावीस वर्षांत तिनं कधी कुणाला दरीबिरी दाखवलेली नाही. पण आजची गोष्टच वेगळी होती. एरवी सहल ठरलेली, धरणावर. भिंत बघायची, डबा खायचा, कुणीतरी टोपी पाण्यात पाडायची आणि परत. ह्या वर्षी भूगोलाला नवीन बाई आल्या, एकदम तरुण, एकदम उत्साही. म्हणाल्या, धरण पुरे झालं, मुलांना किनाऱ्यावरची जुनी वस्ती दाखवू, तिथला इतिहास, तिथला निसर्ग, तिथली माणसं. फळ्यावर सूचना लागली. मावशीनं गावाचं नाव वाचलं आणि त्याच क्षणी तिचा गुडघा दुखायला लागला.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मावशी, सकाळी तर तीन जिने चढून आलात."

"चढताना दुखत नाही. वस्तीवर जाताना दुखतो," असं काही तिला म्हणता येईना. मग आली झालं.

कारण ती वस्ती तिची होती. जन्म तिथला, वयाची एकोणीस वर्षं तिथली, आणि त्यानंतर एक्केचाळीस वर्षं तिनं तिकडे पाय टाकला नव्हता. शाळेत हे कुणालाच माहीत नव्हतं. ड्रायव्हरकाकांनासुद्धा नाही, आणि काकांना तर शाळेतल्या मांजराची वंशावळ पाठ होती.

बस थांबली. खारा वारा आला आणि पोरं सुटली.

घरं फार उरली नव्हती. चढावर दहा-बारा बंद दारं, एक दुकान, आणि खाली पाण्यापाशी ती लांबट शेड, जिथे पूर्वी मासळीचा लिलाव व्हायचा. शेडला आता निळा रंग, काचेचं दार आणि वर पाटी, 'माहिती केंद्र'. मावशीनं दारातच नाक वर करून वास घेतला. मासळीचा नाही. फरशी पुसायच्या औषधाचा. तिला उगीचच राग आला.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक पोरगेला माणूस धावत आला. केंद्राचा माहितीवाला. नोकरीला लागून तीन महिने झालेले, त्यामुळे सगळं मनापासून सांगायचा.

"या, या मॅडम! मुलांनो, बघा, ह्या भिंतीवरचे फोटो एका प्रवासी छायाचित्रकारानं काढलेत. फोटोखालचे कागद सध्या तात्पुरते चिकटवलेत हं. उद्या पत्र्याच्या पाट्या छापायला जाणार. कुणाला काही चूक दिसली तर आजच सांगा. एकदा पाटी लागली की दहा वर्षं कुणी बदलत नाही."

"चूक सापडली तर बक्षीस?" शंकासुरानं विचारलं.

"चहा."

"मी चहा पीत नाही."

"मग चूक काढू नकोस," माहितीवाला म्हणाला. पोरं हसली, आणि मावशीही हसणारच होती, पण तेवढ्यात तिची नजर समोरच्या फोटोवर गेली.

दाराएवढा फोटो. काळा-पांढरा. उलट्या ठेवलेल्या टोपलीवर बसलेला माणूस, डोक्याला काठाची टोपी, मांडीवर जाळं, हातात जाळ्याची सुई. मान एका बाजूला वळवलेली. कुणी हाक मारली की वळतो ना आपण, तशी. खाली कागद:

'समुद्राकडे डोळे लावून जाळं विणणारा मच्छीमार.'

मावशीचे बाबा.

आणि मावशीच्या बाबांनी जन्मात कधी जाळं विणलं नव्हतं.

"काय देखणा चेहरा आहे ना," भूगोलाच्या बाई शेजारी येऊन म्हणाल्या. "सगळं आयुष्य समुद्रात गेलंय हे नुसतं डोळ्यांत दिसतं."

"हं," मावशी म्हणाली. "मी बाहेर जाते, बाई. पोरांचे बूट बघते."

बूट कसले बघते. बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

तर त्याचं असं होतं. वस्तीतले सगळे पुरुष बोटीवर, बाबा सोडून. बाबांना बोट लागायची. म्हणजे थोडीथोडकी नाही. बांधलेल्या बोटीत नुसतं बसवलं तरी माणूस पांढराफटक पडायचा. पहिल्या फेरीला गेले, सहा तास ओकले आणि परत आले. दुसऱ्या फेरीला गेले, तर तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, म्हणाला, "आम्ही मासे आणायला जातो रे बाबा, तुला सांभाळायला नाही." तेव्हापासून नाव पडलं, कोरडा. मोठा झाला, लग्न झालं, मुलगी झाली, तरी कोरडा तो कोरडाच. बाजारातसुद्धा मुलीला म्हणायचे, "कोरड्याची ना तू? घे, दोन मासे जास्त घे, तुझा बाप काही आणायचा नाही."

मग वस्तीनं त्याला खाडीतले खांब सांभाळायला दिले. हे काम कुणालाच नको होतं. भिजायचं सगळं आणि मासा एक नाही.

लग्नाच्या वयाची झाल्यावर मावशीला ह्या सगळ्याची लाज वाटायला लागली. आणि त्याच दिवसांत तो फोटोवाला आला आणि... पण ते नंतर, कारण आतून पोरांचा लोंढा बाहेर आला आणि बाई ओरडल्या, "चला, ओहोटी आहे, वाळूवर उतरायचंय! वह्या घ्या!"

ओहोटीनं खाडीचं तोंड उघडं पडलं होतं. बाईंनी वाळूवरच्या लाटांच्या रेघा दाखवल्या, खेकड्यानं बिळाबाहेर लावलेल्या वाळूच्या गोळ्या दाखवल्या, वाळू दर वर्षी कशी सरकते ते सांगितलं. पोरांनी खेकड्याचं चित्र काढलं. लंबूनं काढलेला खेकडा थेट ड्रायव्हरकाकांसारखा झाला, तर तो चारचौघांत फिरवला गेला. मग माहितीवाला सगळ्यांना काठावरच्या सपाट खडकाकडे घेऊन गेला.

खडकात ओळीनं भोकं होती. मनगट जाईल एवढी, गोल, कुणीतरी छिन्नीनं पाडलेली. चौदा.

"ही भोकं," माहितीवाला म्हणाला, "खांब रोवायला. त्यांवर जाळी वाळत घालायचे."

शंकासुर खाली बसला. एका भोकात हात घातला, मग दुसऱ्यात, मग मधलं अंतर वितीनं मोजलं.

"दोन विती," तो म्हणाला.

"बरं मग?"

"जाळं केवढं असतं?"

"असतं... ह्या शेडएवढं सुद्धा असतं."

"मग दोन-दोन वितींवर चौदा खांब कशाला? दोन टोकांना दोन पुरतील."

माहितीवाल्यानं कागद चाळले. बाई म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे!" म्हणजे उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं.

"खांब एकच," मावशी म्हणाली.

सगळे वळले. ती मागे उभी होती, हातात कुणाचे तरी बूट.

"ह्या खडकात खांब एकच होता. भोकं चौदा. खांब ह्यातून त्यात हलवायचे."

"कशाला?" शंकासुर.

आता मावशीनं गप्प बसायला हवं होतं. ती बसणारही होती. पण छत्तीस तोंडं उघडी पडलेली आणि पाणी ओसरलेलं, आणि पायाखाली तीच वाळू. तिनं बूट खाली ठेवले.

"लंबू, इकडे ये. ह्या सातव्या भोकापाशी उभा राहा. ताठ. ड्रायव्हरकाका, तुम्ही पुढे, तिकडे, ओल्या वाळूत."

"माझे मोजे..."

"काढा ना मग! हां, तिथे. तुम्ही बुटका खांब, हा उंच खांब. बाकीचे सगळे चला माझ्याबरोबर. आपण बोटी."

पोरं धावत सुटली. दोनशे पावलं लांब नेऊन मावशीनं त्यांना पाण्याच्या कडेला उभं केलं, तोंड किनाऱ्याकडे.

"आता बघा. ह्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. भरतीच्या वेळी दिसत नाही, सगळीकडे सारखंच पाणी. पण खोल वाट एकच, एका बोटीपुरती. बाजूला गेलात की बोट वाळूत रुतली आणि मागून लाट आली की संपलं. मग वाट ओळखायची कशी? लंबू दिसतोय? काका दिसतायत?"

"दोघं वेगवेगळे दिसतायत!"

"म्हणजे तुम्ही चुकीच्या जागी आहात. पुढचा ज्या बाजूला दिसतो त्या बाजूला सरका. सरका अजून... अजून..."

"लंबू काकांच्या मागे गेला! एकच झाले!"

"आता चला. सरळ. एक दिसतायत तोवर काही होत नाही."

छत्तीसातली पस्तीस पोरं लंबू आणि काकांवर डोळे रोखून चालायला लागली. कुणी तिरकं गेलं की बाकीचे ओरडायचे, "बुडालास! बुडालास!" भूगोलाच्या बाई चक्क दोनदा बुडाल्या. माहितीवाला त्या रांगेत शेवटी होता, कागद खिशात कोंबलेले.

"पण वाळू सरकते," खडकापाशी आल्यावर शंकासुर धापा टाकत म्हणाला. "बाईंनी सांगितलं ना. मग वाटपण सरकेल."

"म्हणून तर चौदा भोकं. रोज ओहोटीला एक माणूस इथे उतरायचा. छातीइतक्या पाण्यात. हातात लांब काठी, पावलापावलावर टोचून बघायचा, आज खोल कुठाय. मग पुढचा खांब उपटून नव्या जागी रोवायचा, आणि मागचा ह्या भोकातून त्या भोकात. रोज. सुट्टी नाही."

"आणि एखाद्या दिवशी चुकला तर?"

"नाही चुकला."

तिनं मग एका दुपारचं सांगितलं. भरदिवसा वादळ आलं, अकरा बोटी बाहेर, आणि लाटेनं पुढचा खांबच उखडून नेला. तर हा माणूस पाण्यात उतरला आणि खांबाच्या जागी स्वतः उभा राहिला. अंगातला पांढरा सदरा वल्ह्याला बांधून डोक्यावर धरला. दोन तास. लाटांनी हलत होता आणि उभ्या उभ्या ओकत होता, पण जागा सोडली नाही. अकराच्या अकरा बोटी त्याच्या रोखानं आत आल्या.

"मग सगळ्यांनी त्याला उचललं का खांद्यावर?" लंबूनं विचारलं.

"छे. म्हणाले, कोरडा आज भिजला."

पोरांना हे फारच आवडलं, दोन-तीन जणांनी वहीत लिहूनसुद्धा घेतलं. फक्त शंकासुर हसला नाही.

"पण मग त्याचा फोटो आत का नाही?" तो म्हणाला. "जाळंवाल्याचा एवढा मोठा लावलाय."

मावशीनं बूट उचलले. "चला, डबे खायचे आहेत," ती म्हणाली, पण तिचा आवाज काही चढा लागला नाही.

पोरं सावलीत डबे उघडून बसली. मावशी शेडमध्ये गेली.

तर तो फोटोवाला. तो त्या वादळानंतर आठवड्यानं आला. वस्तीतले लोक असे की तोंडानं कुणाला बरं म्हणायचे नाहीत. पण फोटोवाला म्हणाला, मला एक मच्छीमार हवाय, तर तांडेल स्वतः बाबांना हाताला धरून घेऊन आला. म्हणाला, "आज तू बस." स्वतःची टोपी बाबांच्या डोक्यावर ठेवली. दुसऱ्यानं जाळं दिलं, तिसऱ्यानं सुई. ही त्यांची शाबासकी होती, आणि बाबांना ती कळली होती. असे बसले होते बाबा, छाती काढून, जसा काही जन्म बोटीवर गेलाय.

आणि मावशी मैत्रिणींबरोबर बाजूला उभी. एकोणीस वर्षांची. तिला काय वाटलं कोण जाणे, मैत्रिणींनी हसायच्या आत आपणच हसून घ्यावं असं वाटलं असेल. ती मोठ्यानं हसली आणि म्हणाली, "बाबांना जाळं? अहो, बादलीतलं पाणी हललं तरी ह्यांना उलटी होते!"

सगळी वस्ती फुटली. तांडेलसुद्धा. बाबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला.

पुढे त्याच वर्षी पलीकडे मोठं बंदर झालं, वाळूनं तोंड बुजलं, माणसं पांगली. बाबा शहरात कापडाच्या गोदामावर रखवालदार झाले. नऊ वर्षांनी गेले. त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. आणि तीही बोलली नाही. बापाची माफी कशी मागतात, कुठून सुरुवात करतात, तिला जमलंच नाही. आज बोलू, उद्या बोलू, ह्यात नऊ वर्षं गेली.

"मावशी, चहा घेता?" माहितीवाला मागून आला. "तुमच्यामुळे माझं चौदा भोकांचं कोडं सुटलं."

"ते मच्छीमार नव्हते," मावशी म्हणाली.

"कोण?"

"हे. माझे वडील आहेत."

माहितीवाल्याच्या हातातला कप तसाच राहिला. एकदा फोटोकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "म्हणजे ते... पांढरा सदरा..."

"तेच."

"मग जाळं?"

"दुसऱ्याचं. टोपी तिसऱ्याची. सुई कशी धरलीय बघ, अशी सुई धरून गाठ बसायची नाही."

त्यानं भराभर पेन काढलं, कागद काढला आणि मग थांबला. "पण मावशी, तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?"

"कारण त्यांना हे हवं होतं रे." तिनं कागदावर बोट ठेवलं. "मच्छीमार. जन्मभर हवं होतं. एकदा मिळालं, फोटोपुरतं. आता मी सांगणार की खोटं आहे, बोट लागायची ह्यांना. मग तू पाटी लावणार आणि दहा वर्षं माणसं येऊन हसणार. एकदा मी हसवलंय सगळ्यांना. पुन्हा हसवू?"

"मग ठेवू तसंच?"

मावशी काचेच्या दाराकडे वळली. बाहेर वाळूवर जेवणं उरकलेली पोरं पुन्हा तोच खेळ खेळत होती. काकांना परत ओल्या वाळूत उभं केलेलं दिसत होतं, आणि शंकासुर लंबूला ओरडून सांगत होता, "आज वाट सरकलीय! आठव्या भोकात जा!"

"लिही," ती म्हणाली.

तो फोटोखाली फरशीवरच बसला.

"हे समुद्रावर कधी गेले नाहीत. ह्यांना बोट लागायची. ते लिही, लपवायचं नाही. रोज ओहोटीला खाडीत उतरून खांब हलवायचे. सव्वीस वर्षं. ह्यांच्या खांबांवर आलेली एकही बोट रुतली नाही. काय लिहिलंस?"

"हा समुद्रावर कधी..."

"हा नाही. हे."

त्यानं खोडलं, नीट लिहिलं. मग मान वर करून जरा चाचरत म्हणाला, "ते 'समुद्राकडे डोळे लावून' तेवढं राहू दे का? वाचायला छान वाटतं."

"समुद्र त्यांच्या पाठीला आहे."

"अं?"

"समोर ही शेड होती. ते बघतायत तिकडे समुद्र नव्हता. तिकडे मी होते."

"तुम्ही काय करत होतात?"

"हसत होते. त्यांना."

पेन थांबलं. "हे... हे पण घालू?"

"घाल. 'हसणाऱ्या मुलीकडे वळून बघताना.' तेवढंच."

त्यानं लिहिलं. जुना कागद नखानं हळूच सोडवला, नवा चिकटवला, अंगठ्यानं चारी कोपरे दाबले. ओळी वाकड्या झाल्या होत्या. मावशीनं त्या दोनदा वाचल्या आणि काही बदलायला सांगितलं नाही.

बाहेर बसचा भोंगा वाजला.

"मावशी, एक मिनिट," तो खिशातून फोन काढत म्हणाला. "तुमचा एक फोटो घेतो, वडिलांबरोबर. नोंदीत लावू. उभ्या राहा ना, फोटोच्या शेजारी."

ती शेजारी गेली नाही. चार पावलं डावीकडे सरकली, मग अर्धं पाऊल मागे, आणि थांबली. आता तो भिंतीवरचा माणूस सरळ तिच्याकडे बघत होता.

माहितीवाल्यानं फोन वर धरला, खाली घेतला, परत धरला. "मावशी, इकडे बघा ना, कॅमेऱ्याकडे. आणि जरा हसा की."

"तू काढ," मावशी म्हणाली, आणि वळली नाही.